तळाच्या पाण्याचं मीठ

मी बाटल्या तीनदा विसळते हे पाहून माझ्या सासऱ्यांनी मला सून करून घ्यायचं ठरवलं. यात तिखटमीठ लावलेलं नाही. प्रयोगशाळेत लागून मला चार महिने झाले होते आणि ते माझे साहेब होते. समुद्राच्या पाण्याचा नमुना भरण्याआधी त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळायची असा नियम आहे, आणि बहुतेक लोक दोनदा विसळून तीनदा लिहितात. मी तीनदा विसळत होते, कारण मी नवीन होते आणि मला बोलणी खायची नव्हती. त्यांनी घरी जाऊन सांगितलं, "मुलगी सरळ आहे." मुलाचं चष्म्याचं दुकान होतं. त्यालाही माझ्यात खोट दिसली नाही, पण त्याच्या स्वतःच्या चष्म्याचा नंबर तेव्हा चुकलेला होता, हे लग्नानंतर कळलं.

आमचं काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं आहे. फार लांब, जिथे कडाक्याची थंडी असते, तिथे समुद्राचं खारं पाणी गार होऊन जड होतं आणि तळाला जातं. मग ते तळातळाने, गोगलगाईला लाज वाटेल अशा चालीने, हजारो किलोमीटर सरकत राहतं. त्याची जागा भरायला वरून ऊबदार पाणी तिकडे जातं. हे चक्र असं फिरत राहतं आणि बऱ्याच लोकांचे हिवाळे-उन्हाळे त्याच्या जिवावर चालतात. पाण्यातलं मीठ कमी झालं की पाणी हलकं होतं, हलकं झालं की कमी बुडतं, आणि कमी बुडालं की चक्र मंदावतं. म्हणून आम्ही वर्षातून एकदा जहाज घेऊन समुद्रातल्या त्याच अकरा जागी जातो, वरपासून चार हजार मीटरपर्यंतचं पाणी बाटल्यांत भरून आणतो आणि त्यातलं मीठ मोजतो. एक किलो पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. आम्ही ते मिलिग्रॅमपर्यंत मोजतो.

"जन्मभर समुद्राचं मीठ मोजलं," सासूबाई म्हणतात, "पण भाजी अळणी झाली तर ताट संपेपर्यंत यांना पत्ता नसतो."

मोजायची खोली तळमजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला आहे. खिडकी नाही. तापमान बाराही महिने बावीस अंश, कारण यंत्राला ते मानवतं. दिवसभर बसून राहणाऱ्या माणसाला मानवत नाही, म्हणून दारामागच्या खिळ्याला एक सामाईक स्वेटर असतो. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीची नोंद असते, पण तो स्वेटर शेवटचा कधी धुतला हे कुठल्याही वहीत सापडत नाही.

जुनं यंत्र पत्र्याच्या पेटीएवढं होतं आणि समोर एक काळा नॉब होता. नॉबवरची एक रेघ म्हणजे एक मिलिग्रॅम. मोजणीच्या दिवशी आधी एक काचेची बंद कुपी फोडायची. तिच्यातल्या पाण्यात मीठ किती हे वर छापलेलं असतं, तेव्हा यंत्र तोच आकडा दाखवेपर्यंत नॉब फिरवायचा. झालं, यंत्र बरोबर. इथपर्यंत जगभर सगळे सारखेच.

पुढची पायरी सासऱ्यांची. "कुपी माणसाने भरलेली असते," ते शिकवायचे, "चार हजार मीटरवरचं पाणी कुणी भरलेलं नाही." तळाचं पाणी शेकडो वर्षं बदलत नाही, असं ते ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांनी सांगितलं होतं, आणि त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा आधीच्या वर्षांत फिरवलेल्या रेघा पुन्हा तशाच लावूनही तळाच्या पाण्याचा यंदाचा आकडा गेल्या वर्षीपेक्षा वेगळा आला, तर पाणी बदललं असं समजायचं नाही. कुपी जुनी असेल, यंत्र सरकलं असेल. नॉब हळूच फिरवून आकडा गेल्या वर्षीच्या जागी आणायचा आणि मग बाकीच्या बाटल्या मोजायच्या. मात्र नॉब आधी कुठे होता आणि नंतर कुठे आणला, हे वहीच्या समासात लिहायचंच. "फिरवला ते लिहायचं. लपवायचं नाही," असं ते म्हणायचे.

असं त्यांनी एकवीस वर्षं केलं. ते निवृत्त झाल्यावर पाच वर्षं मी केलं. सव्वीस वर्षांचा आलेख काढला तर तळाच्या पाण्याची रेघ काळ्या दगडावर ओढल्यासारखी सरळ. त्यातल्या पहिल्या एकवीस वर्षांचा आलेख निवृत्तीच्या समारंभात त्यांना फ्रेम करून दिला. तो आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. पाहुणे विचारतात, "हे काय, यात तर काहीच नाही?" त्यावर ते समाधानाने म्हणतात, "तेच तर."

यंदा जहाज समितीचं पत्र आलं. 'सदर निरीक्षणांत गेल्या सव्वीस वर्षांत कोणताही बदल आढळून आलेला नाही. सबब पुढील वर्षापासून जहाज बंदरातील गाळाच्या पाहणीसाठी देण्याचे विचाराधीन आहे.' अध्यक्षांनी फोनवर जरा सोप्या भाषेत सांगितलं. "बाई, जे बदलतच नाही ते दरवर्षी मोजायचं कशाला? खांबाला रोज कुणी उंची विचारतं का?" मला राग आला. बैठक तीन आठवड्यांवर होती.

त्याच आठवड्यात, पाच वर्षांपूर्वी मागितलेलं नवीन यंत्र आलं. सरकारी कामाची वेळ चुकत नाही, फक्त ती आपली वेळ नसते. नवीन यंत्राला नॉब नाही. कुपी पाजली की ते स्वतःला लावून घेतं आणि मग त्याला कुणी काही शिकवू शकत नाही. मी त्यात यंदाचं तळाचं पाणी घातलं. गेल्या वर्षीपेक्षा पस्तीस मिलिग्रॅम कमी.

समुद्राच्या तळाशी एका वर्षात पस्तीस मिलिग्रॅम मीठ कमी होणं म्हणजे घरातला कर्ता पुरुष एका रात्रीत वीतभर बुटका होणं. मी कंपनीला फोन केला. दुरुस्तीवाला आला, झाकण उघडलं, फुंकर मारली, पाच कुप्या फोडल्या. पाचही बरोबर. दोन दिवसांनी मी त्याला पुन्हा बोलावलं. त्याने चहा घेतला आणि म्हणाला, "मॅडम, मशीन नवीन आहे. पाणी जुनं असेल."

त्याला हाकलून दिल्यावर मी जुन्या वह्या काढल्या. गेल्या वर्षीचा आकडा मीच चुकवला की काय, एवढंच बघायचं होतं. सव्वीस वह्यांचे समास एका कागदावर उतरवले. पहिली सात वर्षं नॉब कधी एक रेघ वर, कधी एक रेघ खाली, बेरीज शून्य. आठव्या वर्षापासून मात्र तो एकाच बाजूला फिरला होता, दरवर्षी. यंत्र बिघडतं तेव्हा वेंधळ्यासारखं दोन्हीकडे जातं, कुणी बोलावल्यासारखं एका दिशेने जात नाही. त्यांच्या अक्षरातली बेरीज चोवीस, माझ्या अक्षरातली नऊ. तेहतीस. उरलेले दोन यंदाचे.

पाणी बदलत होतं. ते दरवर्षी सांगत होतं, आणि आम्ही दरवर्षी नॉब फिरवून त्याला गप्प बसवत होतो.

मी स्वेटर घालून खूप वेळ तशीच बसले. सासऱ्यांची चूक कळली म्हणून नव्हे. पाच वर्षं मीही तेच केलं होतं आणि एकदाही 'का' विचारलं नव्हतं. सरळ मुलगी म्हणतात ती हीच. मला स्वतःची एवढी चीड आली की तिथली एखादी बाटली फोडावीशी वाटली, पण त्यांवर क्रमांक होते.

आता मोजणी वाचवायची तर समितीला बदल दाखवायला हवा होता, आणि तो दाखवायचा तर समास दाखवायला हवे होते. पहिला प्रश्न येणार, नॉब फिरवण्याआधी यंत्र बरोबर होतं कशावरून? शेवटच्या पाच वर्षांचं मी सांगू शकत होते. आधीच्या एकवीस वर्षांचं सांगणारा माणूस जगात एकच होता, आणि त्याने ते सांगणं म्हणजे भिंतीवरची रेघ स्वतःच्या तोंडाने खोटी म्हणणं. आपलेच दात, आपलेच ओठ.

रात्री जेवताना मी विषय काढला.

"बाबा, नवीन मशीन तळाचं पाणी पस्तीसने कमी दाखवतंय."

त्यांचा घास हातातच राहिला. "किती?"

"पस्तीस."

त्यांनी घास ताटात ठेवला आणि पाणी प्यायले. "मशीन परत पाठव."

"दोनदा तपासून घेतलं. मी समासातल्या आकड्यांची बेरीज केली, बाबा. मशीन सरकत नव्हतं. पाणीच बदलत होतं."

"जुनं मशीन सरकायचं."

"एकाच बाजूला?"

"मशीनचं काय सांगावं," ते म्हणाले आणि उठून आत गेले. ताटात अन्न टाकून ते उठलेले मी वीस वर्षांत पाहिले नव्हते.

नवरा म्हणाला, "तू त्यांना कशाला मध्ये घेतेस? नंबर बदलला की गिऱ्हाईक आधी काच चुकली म्हणतं. दोन दिवस ओरडतं, मग घेऊन जातं."

"माझ्याकडे जेमतेम दोन आठवडे आहेत."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "त्यांनी मोजलं ते खोटं होतं का गं?"

"नाही, आई. मोजलं ते खरं होतं. मग जे नीट केलं, ते खोटं."

"म्हणजे नीट करायला नको होतं."

"हो."

"हे मी त्यांना लग्नापासून सांगतेय," त्या म्हणाल्या आणि ताटं उचलायला लागल्या. "त्यांनी नीट केलेला पंखा तू बघितला नाहीस."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या पानाचं निवेदन टाइप करून आणलं. 'नॉब फिरवण्यापूर्वी यंत्र कुपीप्रमाणे बरोबर होते. तळाचे पाणी बदलत नाही या समजुतीने मी तो फिरवला.' खाली सहीची जागा. त्यांनी ते वाचलं, घडी केली आणि वर्तमानपत्राखाली ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र बदललं, कागद तिथेच. तिसऱ्या दिवशीही. घरात बोलणं चालू होतं, म्हणजे दूध आलं का, छत्री कुठे आहे वगैरे. मी रोज तो कागद बघत होते आणि ते मला बघताना बघत होते. दोन आठवडे असे गेले.

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी मी बूट घालत असताना ते दारात आले.

"समिती बंद करणार म्हणजे? एक-दोन वर्षं?"

"कायमचं, बाबा. एकदा जहाज गाळाकडे गेलं की परत मिळत नाही."

"मग पाणी कोण आणणार?"

"कुणीच नाही."

ते मान हलवून आत गेले. सहीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आवाज चढला असता आणि मला बस गाठायची होती.

बैठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, नऊ माणसं, नऊ पाण्याचे ग्लास. मी सव्वीस वह्या दोन पिशव्यांतून आणल्या होत्या. समास दाखवले, बेरजा दाखवल्या, माझी पाच वर्षं कबूल केली. अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्याकडे एकच जहाज होतं.

"तुमच्या पाच वर्षांचं मी मानतो," ते म्हणाले. "पण चढ-उतार पाच वर्षांत कुठेही दिसतो. प्रश्न त्याआधीच्या एकवीस वर्षांचा आहे. तेव्हा यंत्र बरोबर होतं आणि पाणी बदललं होतं, हे सांगणारं कोण आहे?"

"निवेदन येणार होतं," मी म्हणाले. याहून लंगडं वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

तेवढ्यात दार उघडलं आणि शिपायाने आत डोकावून सांगितलं की बाहेर एक आजोबा आहेत आणि ते ऐकत नाहीत. मागोमाग सासरे आत आलेच. अंगात निवृत्तीच्या समारंभातला कोट होता, तो आता खांद्यांना मोठा होत होता. हातात कागद नव्हता. वर्तमानपत्राखालचा कागद त्यांनी आणलाच नव्हता.

कुणीतरी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"यंत्र बरोबर होतं," ते म्हणाले. "दरवर्षी. मी स्वतः कुपी फोडून लावायचो. मग तळाचं पाणी यायचं आणि मी नॉब फिरवायचो."

"किती?" अध्यक्षांनी विचारलं.

"पहिली सात वर्षं सोडा. कधी वर, कधी खाली. आठव्या वर्षी एक. नवव्या वर्षी एक. दहाव्या वर्षी एक. अकराव्या वर्षी दोन. बाराव्या वर्षी दोन. तेराव्या वर्षी एक. चौदाव्यापासून एकविसाव्यापर्यंत दोन, दोन, दोन, दोन, दोन, दोन, दोन, दोन. एकूण चोवीस. पुढची पाच वर्षं आमच्या सूनबाईंची आहेत. त्या सांगतील."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोन आठवडे मी ते पाच आकडे रोज बघत होते, तरी मला वही उघडावी लागली. "एक," मी वाचलं. "दोन. दोन. एक. तीन."

वाचता वाचता माझ्या लक्षात आलं. माझे पाच आकडे मला पाठ नव्हते. त्यांचे चौदा त्यांना पाठ होते, बेरजेसकट. माणूस यंत्राची चूक पाठ करून ठेवत नाही.

अध्यक्ष कागदावर काहीतरी लिहीत होते. "म्हणजे तुमची ती सरळ रेघ..."

"चुकीची आहे."

"तुम्हीच काढलेली."

"मीच. नाव तसंच राहू द्या तिच्यावर. कुणाची चूक ते कळायला हवं."

पुढे अर्धा तास बरंच बोलणं झालं, त्यातलं मला फारसं ऐकू आलं नाही. शेवटी ठराव झाला. मोजणी चालू, जहाज दरवर्षी, गाळाची सोय दुसरीकडे. आणि सव्वीस वर्षांचे आकडे नव्याने काढून वर्षाच्या आत सादर करायचे, ते काम माझं. मोजणी वाचली होती. मला आनंद व्हायला हवा होता.

आम्ही बसस्टॉपवर येऊन उभे राहिलो. वह्यांच्या पिशव्या त्यांनी घ्यायचा प्रयत्न केला, मी एकच दिली, हलकी. बाकावर बसल्यावर मी विचारलं.

"तुम्हाला कधी कळलं, बाबा?"

"अकराव्या वर्षी. पहिल्यांदा दोन आला तेव्हा."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

ते रस्त्याकडे बघत होते. "वाटलं, बाराव्या वर्षी परत जागेवर येईल."

"आणि नाही आलं तेव्हा?"

"तेव्हा वाटलं, तेराव्या. तेराव्या वर्षी एकच आला होता. मी घरी मिठाई घेऊन गेलो होतो. तुझ्या सासूने विचारलं कशाची, तर सांगता येईना." त्यांनी पिशवी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर घेतली. "मग इतकी वर्षं झाली की सांगायचं म्हणजे, इतकी वर्षं का नाही सांगितलं, हे पण सांगावं लागलं असतं."

मला त्यांचा राग आला, खरा, पोटातून आलेला राग. एका माणसाला धीर झाला नाही म्हणून जग सोळा वर्षं उशिरा जागं होणार होतं. आणि त्याच वेळी तो कोट खांद्यावरून घसरताना बघून मला रडू येत होतं. दोन्ही एकदम येतं तेव्हा काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही, म्हणून मी बसचा नंबर बघत राहिले.

"मी निवृत्त झालो तेव्हा सुटल्यासारखं वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, ही पोर तीनदा विसळणारी आहे, हिच्या हातून काही लपायचं नाही. काही असलं तर ही बोलेल. मी दरवर्षी विचारायचो ना तुला, तुझी मोजणी संपली की? पाणी कसं होतं म्हणून?"

"हो."

"तू म्हणायचीस, नेहमीसारखंच."

मी माझी पिशवी पायाशी ओढून घेतली.

"पाच वर्षं तू तेच सांगितलंस," ते म्हणाले. "मला वाटलं, चला, थांबलं."

बस आली. पायरी उंच होती, म्हणून मी त्यांचा हात धरून त्यांना आधी वर चढवलं. त्यांना मी काय सांगणार होते? नेहमीसारखंच म्हणताना मी खोटं बोलत नव्हते, नॉब फिरवल्यावर ते नेहमीसारखंच असायचं.